चित्राच्या फाइलचा आकार काढायला शिकवताना या चुका टाळा

या धड्यातली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रंगांची संख्या आणि बिट-डेप्थ (एका पिक्सेलचा रंग नोंदवायला लागणारे बिट) यांची गल्लत. तिचा दोष आपण मुलांच्या माथी मारतो, पण तिचे मूळ बहुधा फळ्यावरच असते. एका वर्षी घाईघाईत मीच ‘रुंदी × उंची × रंग’ असे आटोपशीर सूत्र लिहून दिले. चाचणीत 800 × 600 पिक्सेलचे, 256 रंगांचे चित्र विचारले, तेव्हा एकामागून एक उत्तरपत्रिकांत 1,53,60,000 बाइट हेच उत्तर निघाले. मुलांनी 4,80,000 ला इमानेइतबारे 256 ने गुणून 8 ने भागले होते. सूत्र माझेच असल्यामुळे गुण कापताना हात अडखळला. वास्तविक 2 चा आठवा घात 256 असल्याने तेवढे रंग ओळखायला 8 बिट पुरतात, म्हणजे एका पिक्सेलला एक बाइट लागतो आणि उत्तर 4,80,000 बाइट येते.

तेव्हापासून मी सूत्राआधी 2, 4, 16 आणि 256 रंगांना किती बिट लागतात हे वहीत हाताने मांडून घेतो. मग तेच चित्र 256 रंगांच्या बीएमपी फाइलमध्ये (हिच्यात चित्र सहसा न दाबता साठवले जाते) जतन करून तिचे गुणधर्म उघडून दाखवतो. तिथे 4,81,078 बाइट दिसतात आणि वरचे 1,078 कुठून आले, असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. त्यांतले 54 बाइट फाइलच्या सुरुवातीच्या माहितीचे असतात आणि उरलेले 1,024 रंगतक्त्याचे, कारण 256 रंगांपैकी प्रत्येकाला 4 बाइट लागतात. हिशेब असा पै-पैने जुळला की सूत्र पाठ करून घ्यावे लागत नाही.

दुसरी चूक म्हणजे सूत्राचे उत्तर फोनमधल्या जेपेग छायाचित्राशी ताडून पाहणे. 4000 × 3000 पिक्सेलच्या 24 बिटी चित्राचे 3,60,00,000 बाइट होतात आणि फाइल मात्र काही एमबींचीच निघते, तेव्हा ‘सूत्र चुकले’ असा निकाल वर्ग लगेच देऊन टाकतो. सूत्र कॉम्प्रेशनपूर्वीचा, म्हणजे फाइल दाबून लहान करण्याआधीचा, आकार सांगते, हे पहिल्याच तासाला स्पष्ट करावे. मी एकाच मापाचा कोरा पांढरा कागद आणि गवताचे छायाचित्र जेपेगमध्ये शेजारी-शेजारी ठेवतो. सूत्रानुसार दोन्ही सारखी असूनही गवताची फाइल कितीतरी मोठी निघते.

पिक्सेल दिलेले असताना डीपीआय (छपाईत एका इंचात किती ठिपके, तो आकडा) हिशेबात आणू नये. दोन्ही बाजू दुप्पट केल्या की आकार चौपट होतो. केबी 1,000 चा धरायचा की 1,024 चा, हे प्रश्नातच लिहावे.

कॅल्क्युलेटर मी आधी बाजूला ठेवायला लावतो, आणि उतावळ्या मुलांना हे मुळीच आवडत नाही. 1920 × 1080 म्हणजे सुमारे 20 लाख पिक्सेल आणि 24 बिट म्हणजे 3 बाइट, तेव्हा आकार 60 लाख बाइटांच्या आसपास असणार, हे तोंडी आले पाहिजे. नेमके उत्तर 62,20,800 आहे. जो 50 एमबी सांगतो, तो 8 ने भागायला विसरलेला असतो.

प्रात्यक्षिकासाठी चित्राची रुंदी 4 ने भाग जाणारी घ्यावी. बीएमपीमध्ये प्रत्येक ओळ 4 बाइटांच्या पटीत भरून काढली जाते, त्यामुळे 256 रंगांच्या चित्राची रुंदी 801 ठेवलीत, तर ओळ 804 बाइटांची होते आणि 600 ओळींत 1,800 बाइट जादा दिसतात. तो खुलासा पहिल्या दिवशी करत बसण्यात अर्थ नाही.