पंपावरचा आकडा बघून डिझेल घेऊ नका! जुनी गाडी घेताना या चुका टाळा

मी इंदूरजवळ पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्समध्ये आहे. त्यामुळे इंदूरच्या आमच्या गोतावळ्यात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की माझा फोन वाजतो. प्रश्न ठरलेला, पेट्रोल घेऊ की डिझेल? मी विचारतो, रोज किती चालवणार? पलीकडून उत्तर येतं, "ते बघू हो, पण डिझेल पंधरा रुपयांनी स्वस्त आहे ना!" इथेच घोडं पेंड खातं.

चूक पहिली आणि सगळ्यात महाग : चार किलोमीटरच्या ऑफिससाठी डिझेल

माझा मावसभाऊ रामबागेत राहतो, ऑफिस पलासियाला. जाऊन-येऊन दहा किलोमीटरही होत नाहीत. त्याने २०२० ची बीएस-६ (म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांतली) डिझेल गाडी घेतली, आणि मला दाखवली ती पूजा झाल्यावर, पेढ्यांसकट. मी पेढा खाल्ला, बोललो काही नाही. तीन महिन्यांनी फोन आला, "दादा, सायलेन्सरसारखं काहीतरी चित्र पेटलंय." मी म्हटलं, आजच वर्कशॉपला ने. पण कुणीतरी त्याला सांगितलं होतं की बॅटरीची वायर काढून परत लावली की दिवा जातो. त्याने तेच केलं. दिवा गेला, दोन दिवसांनी परत आला. मग एका संध्याकाळी गाडी चाळिसाच्या पुढे जाईना.

मी जाऊन डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर, आणि वास डिझेलचा. हा म्हणतो, "तेल वाढलंय म्हणजे चांगलंच ना?"

झालं होतं असं. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. साचलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी जाळी साधारण सहाशे अंशांपर्यंत तापावी लागते, म्हणजे वीसेक मिनिटं न थांबता बऱ्या वेगाने चालावं लागतं. पलासियाच्या सिग्नलवर कुठून तापणार? बऱ्याच गाड्यांत ही उष्णता आणायला इंजिन जादा डिझेल फवारतं, तेवढ्यात आपण ऑफिसला पोचून चावी काढतो. असं रोज झालं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की पहिला मार टर्बोला, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याला. भावाचं बिल सत्तर हजारांच्या आसपास गेलं.

आता त्याची बचत मोजू. पेट्रोल १०७ आणि डिझेल ९२ धरा, ॲव्हरेज १५ आणि २०. किलोमीटरला फरक पडतो अडीच रुपये. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालवलं तर वाचले साडेबारा हजार. सत्तर हजार भरून निघायला साडेपाच वर्षं लागतील, आणि खरेदीच्या वेळी डिझेलसाठी मोजलेले जादा पैसे वेगळेच.

अशी गाडी आधीच गळ्यात पडली असेल तर माझा रिवाज सांगतो. आठवड्यातून एकदा पहाटे देवासच्या रस्त्याला लागायचं, चौथ्या गिअरमध्ये दोन हजारांच्या वर आरपीएम ठेवून पंचवीस मिनिटं, मध्ये चहाला थांबायचं नाही. दिवा लुकलुकत असेल किंवा ओढ कमी झाली असेल तर मात्र हा प्रयोग नको, सरळ वर्कशॉप. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला. आणि "भिया, डीपीएफ काटके अंदर से खाली कर देते हैं, टेंशन खतम" म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. ते बेकायदा आहे, आणि असल्या शॉर्टकटवाल्यांचं मला मुळीच कौतुक नाही. घ्यायच्या वेळी बीएस-६ डिझेलच्या टेलपाइपमध्ये बोट फिरवा. बोट काळं कुळकुळीत निघालं तर जाळी फुटलेली तरी आहे किंवा काढलेली तरी.

गरम इंजिन बघून सौदा करणं

गाडी बघायला जाताना मी वेळ कळवत नाही, किंवा सकाळी साडेसातची सांगतो. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर "चहा घेऊन येतो" म्हणून दोन-तीन तासांनी परत. एकदा डीलर म्हणाला, "आपके लिए ही गरम करके रखी है, एकदम मक्खन चल रही है." दोन तासांनी थंड झाल्यावर तेच डिझेल पाच वेळा सेल्फ मारून उठलं, आणि मागून पांढरा धूर. ग्लो प्लग, इंजेक्टर, काय ते त्याचं त्याला माहीत, मी घरी आलो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडून बघा, फसफस वाफ जोरात येत असेल तर हात जोडा.

बाकीच्या, थोडक्यात

दिल्लीची स्वस्त डिझेल. तिथे जुन्या डिझेलवर बडगा आहे, म्हणून त्या गाड्या एनओसी (ना-हरकत पत्र) घेऊन इकडे येतात. एमपी-०९, म्हणजे इंदूरचा नंबर लावताना इथला टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो किमतीत आधीच मिळवा.

पेट्रोल म्हणजे बिनघोर, हा समज. डिकीतलं कार्पेट उचला. भोकं दिसली तर तिथे सीएनजीची टाकी असू शकते, म्हणजे गाडी पेट्रोलवर नाही, गॅसवर पळवलेली.

२०२३ च्या आधीची पेट्रोल गाडी घेताना ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालतं का ते मॅन्युअलमध्ये बघा. ॲव्हरेज थोडं कमी धरूनच हिशेब करा.

कमी किलोमीटरला भुलणं. आठ वर्षांत तीस हजार चाललेली डिझेल मला एक लाखवाल्यापेक्षा जास्त संशयास्पद वाटते. मीटर फिरवलेलं नसेल तर गाडी नुसती उभी असणार.

घाबरून उलटी चूकही लोक करतात. रोज सत्तर किलोमीटर जाणाऱ्याने पेट्रोल घेऊन महिन्याला रडायचं कारण नाही. माझी स्वतःची बीएस-४ (आधीच्या नियमांतली) डिझेल पीथमपूर करून करून एक लाख ऐंशी हजार किलोमीटरवर गेली आहे.

आणि डिझेल घेतलीच, तर पंपावर खाली उतरून उभे राहा. पोऱ्याने चुकून पेट्रोल भरलं तर चावी फिरवू नका, "थोडंसंच गेलंय" म्हणून तर नाहीच. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. भावाने परवा गाडी विकली, पेट्रोल घेतली. आता ॲव्हरेज कमी देते म्हणून फोन करतो.