गाडी बरोबर, व्हेरिएंट चुकलं: मध्यम एसयूव्ही घेताना या चुका टाळा

कापसाचे पैसे हातात आले, केळीला बरा भाव लागला की आमच्याकडे खान्देशात घरोघरी एकच विषय: क्रेटा की सेल्टोस, ग्रँड विटारा की एलिव्हेट. चार-सहा महिने हा विषय पुरतो. मेव्हणे, आतेभाऊ, गल्लीतला मेकॅनिक, सगळे मत देऊन मोकळे होतात. मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी शोरूमला गेलं की काउंटरवरचा पोरगा विचारतो, "भाऊ, टॉपच करून टाकू ना?" आणि आपण मान हलवतो. एवढी डोकेफोड करून गाडी ठरवली, व्हेरिएंट, म्हणजे त्याच गाडीची बेस, मधली की टॉप ही पायरी, मात्र चहा थंड व्हायच्या आत ठरलं.

गाडी चुकली असं म्हणणारे मला फार भेटत नाहीत. व्हेरिएंट चुकलं म्हणणारे गावोगाव आहेत. त्यात मीही एक.

शोरूमच्या एसीत बसून निवड करणं

गेल्या आखाजीला शालकाची गाडी बघायला आम्ही सगळे गेलो होतो. पोरगा उत्साहात होता. त्याने बटण दाबलं, छताची काच सरसर मागे गेली, पोरं ओरडली. दारांतले रंगीत लाईट लावून दाखवले. सासरेबुवा, म्हणजे आमचे आप्पा, पुढच्या सीटला हात धरून सावकाश मागे बसले होते. छताकडे त्यांनी पाहिलंही नाही. दोन पुढच्या सीटांच्या मधे वाकून, तिथल्या जाळीपुढे तळहात धरला आणि विचारलं, "मांगे हवा येस का रे?"

खान्देशात पहिला प्रश्न हाच असायला हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो. त्या उन्हात बाजार समितीबाहेर दोन तास उभी राहिलेली गाडी म्हणजे भट्टी. वर मोठी काच, तिच्याखाली पातळ कापडी पडदा, आत काळं लेदरेट. पडदा ओढला तरी डोक्याला धग लागतेच. सनरूफ वाईट नाही. पावसाळ्यात तोरणमाळला जाताना मजा येते. पण वर्षातले किती दिवस तोरणमाळ आणि किती दिवस धुळे-जळगाव, हा हिशोब करून त्याचे पैसे मोजा.

उन्हाच्या दृष्टीने व्हेरिएंट बघताना मी तीन गोष्टी तपासतो. एक, मागचे एसी व्हेंट. बऱ्याच गाड्यांत ते खालच्या व्हेरिएंटपासूनच मिळतात, तेवढ्यासाठी वर चढायची गरज नसते. पाच सीटांच्या गाड्यांत मागे वेगळा कूलिंग कॉइल नसतो, पुढचीच हवा नळीने मागे येते, त्यामुळे हात धरून जोर बघावा लागतो. दोन, आतला रंग आणि सीटचं कापड. साधी कापडी सीट उन्हात काळ्या लेदरेटपेक्षा सुसह्य असते. वरच्या व्हेरिएंटमध्ये हवेशीर सीट मिळतात, त्या खरंच कामाच्या, पण बहुतेक गाड्यांत फक्त पुढच्या दोघांना. मागे बसणाऱ्या आईला त्याचा काही उपयोग नाही. तीन, मागच्या खिडक्यांचे ओढायचे पडदे. काचेवर काळी फिल्म लावून घेऊ हा विचार सोडा. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे.

आणि टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी सातला घेऊ नका. दुपारी दोनला जा. गाडी आधी पंधरा मिनिटं उन्हात उभी करायला सांगा, मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मागे बसवा. आम्ही तसं केलं तेव्हा बेल्टच्या कडीचा चटका शालकाला बसला आणि छताच्या काचेचा विषय तिथेच संपला.

मोठं चाक म्हणजे चांगलं चाक, असं समजणं

टॉप व्हेरिएंटला १७ किंवा १८ इंची अलॉय दिसतात भारी. पण चाक मोठं झालं की टायरची भिंत बारीक होते. २०५/६५ आर १६ टायरची भिंत साधारण १३३ मिलिमीटर, २१५/६० आर १७ ची १२९ आणि २१५/५५ आर १८ ची ११८. दीड सेंटिमीटरचा फरक तो काय, असं वाटेल. काळ्या मातीच्या पट्ट्यातला रस्ता पावसात खचतो, डांबराची कड धारदार उघडी पडते, समोरून उसाची ट्रॉली आली की डावं चाक त्या कडेवरून खाली उतरवावं लागतं. तेव्हा तो दीड सेंटिमीटर आठवतो. आमच्या शेजाऱ्याच्या १८ इंची टायरला असाच बाजूने काप गेला. पंक्चर जोडता येतं, भिंतीचा काप नाही. त्या मापाचा टायर तालुक्याला मिळाला नाही, जिल्ह्याहून मागवेपर्यंत गाडी तीन दिवस उभी.

गावाकडे रोजची ये-जा असेल तर १६ किंवा १७ इंच पुरे. सोबत डिकीचं झाकण उचलून स्टेपनी बघा. काही गाड्यांत ती छोटी असते, काहींत नसतेच, फक्त पंक्चर किट असतं. कंपनी-सीएनजी घेणार असाल तर सिलिंडरच्या जागेमुळे स्टेपनी कुठे बसवली आहे, हेही विचारून घ्या.

दिवे शेवटी बघणं

यावर माझं मत ठाम आहे: सनरूफच्या आधी हेडलाईट. महामार्ग सोडून आत वळलात की रस्त्यावर दिवा नाही, आणि समोर मागचा लाल दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली. कापूस गच्च भरलेला, रिफ्लेक्टर गोणपाटाखाली झाकलेला. बऱ्याच गाड्यांत बेसला हॅलोजन आणि मधल्या व्हेरिएंटपासून एलईडी असतात. या एका कारणासाठी एक पायरी वर चढायला माझी हरकत नाही. बाहेरून हॅलोजनच्याच डब्यात एलईडी बल्ब कोंबून घेतले तर उजेड विस्कटतो, समोरच्याचे डोळे दिपतात.

याच पंक्तीत मागचा वायपर. धुळीच्या रस्त्यावर मागची काच दहा मिनिटांत मातकट होते आणि रिव्हर्स कॅमेऱ्याचं भिंगही.

सुरक्षा फक्त टॉपमध्ये मिळते, हा समज

पूर्वी हे खरं होतं. आता सेल्टोस आणि क्रेटा दोघींच्या सगळ्या व्हेरिएंटमध्ये सहा एअरबॅग आहेत. म्हणजे एअरबॅगसाठी टॉप घ्या, असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे जुनी माहिती आहे. गाड्या आपटवून सुरक्षेचे तारे देणारं भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं; त्याचे तारे बघताना ते कोणत्या व्हेरिएंटना लागू आहेत तेही त्याच कागदावर वाचा.

वरच्या व्हेरिएंटचा खरा फरक आता अ‍ॅडासमध्ये आहे. पुढे काही आलं तर गाडी आपणहून ब्रेक लावते, लेन सोडली तर सावध करते. सुरत-धुळे-जळगाव महामार्गावर रोज धावणाऱ्याला याचा उपयोग आहे. पण लेनचे पट्टेच नसलेल्या चोपडा-यावलच्या आतल्या रस्त्यांवर लेन धरणारी यंत्रणा काय धरणार? शिवाय पुढच्या काचेवर कॅमेरा असला की काच फुटल्यावर नुसती बदलून भागत नाही, कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो आणि बिल वाढतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही व्हेरिएंटला लागू: बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतून फुगते. डिलिव्हरीच्या दिवशीच जाड सीट कव्हर चढवायची आपल्याकडे पद्धत आहे. साध्या कव्हरने ती अडते. कव्हर घालायचंच तर त्या जागी उसवेल अशी शिवण असलेलं घ्या. आणि पुढे लोखंडी गार्ड लावू नका. २०१७ पासून त्यावर बंदी आहे, एअरबॅगच्या कामातही तो आडवा येतो.

एक्स-शोरूमचा फरक हाच खरा फरक समजणं

"भाऊ, फक्त ऐंशी हजार जास्त," असं ऐकलं की कागद-पेन मागा. हा एक्स-शोरूम, म्हणजे टॅक्स-विम्याआधीचा फरक असतो.

महाराष्ट्रात रोड टॅक्स किमतीच्या टप्प्यानुसार लागतो. पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, त्यावर १३. डिझेलला १३, १४, १५. टप्पा ओलांडला की वाढीव दर पूर्ण किमतीवर लागतो, फक्त वरच्या रकमेवर नाही. आता १९ लाख ६० हजारांचं डिझेल व्हेरिएंट घ्या: टॅक्स २ लाख ७४ हजार ४००. त्यावरचं २० लाख ४० हजारांचं: ३ लाख ६ हजार. गाडीचा फरक ऐंशी हजार, नुसत्या टॅक्सचा ३१ हजार ६००. विमा त्यावर वेगळा.

कर्ज काढणार असाल तर दर एक लाख जास्तीचे, ९ टक्क्यांनी सात वर्षांत, महिन्याला साधारण १,६०९ रुपये होतात. एकूण १ लाख ३५ हजार. दोन व्हेरिएंट वर चढलात आणि फरक अडीच लाखांचा असला, तर महिन्याला चार हजार रुपये सात वर्षं. खत-बियाण्याच्या हंगामात चार हजार मोठे असतात.

१० लाखांवरच्या गाडीवर शोरूमवाले एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतात. १५ लाखांच्या गाडीला १५ हजार. हा जास्तीचा कर नव्हे, आयकर विवरणात तो वजा करून घेता येतो किंवा परत मिळतो. आपल्याकडे शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून अनेकजण विवरणच भरत नाहीत आणि ते पैसे तसेच पडून राहतात. पावती जपून ठेवा, सीएला द्या.

मोबाईलमधल्या जुन्या किमतींवर जाऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आणि सेस बंद, असं झालं. त्याआधीचे सगळे हिशोब शिळे.

विकताना टॉपचे पैसे परत येतील, असं सांगणाऱ्यालाच आधी जुन्या गाडीच्या बाजारात पाठवा. विम्यातली किंमत सगळ्याच व्हेरिएंटची पाचव्या वर्षी निम्म्यावर येते, आणि जुनी गाडी घेणारा इंजिन, किलोमीटर आणि टायर बघतो. छताची काच बघून तो लाखभर जास्त देत नाही.

नावावरून पायरी ओळखणं

ग्रँड विटाराला सिग्मा, डेल्टा, झीटा, अल्फा. ग्रीक वर्णमालेत अल्फा पहिला, इथे तो सगळ्यात वरचा. होंडाकडे एसव्ही, व्ही, व्हीएक्स, झेडएक्स. क्रेटात एसएक्स आणि एसएक्स ओ वेगळे. 'ओ' म्हणजे ऑप्शनल, पण पायरी मोठी आहे. पोरगा तोंडी जे म्हणतो ते आणि बुकिंगच्या कागदावर जे लिहितो ते एकच आहे का, बघा.

इंजिन नंतर, फीचर आधी

ही चूक नंतर सुधारता येत नाही. त्याच पैशात कधी टॉपचं साधं पेट्रोल येतं, कधी मधलं डिझेल. क्रेटा-सेल्टोसच्या साध्या १.५ पेट्रोलचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, १४४ न्यूटन मीटर, १.५ डिझेलचा २५०. पाच माणसं, डिकीत वांगी-केळी, एसी फुल आणि चाळीसगावहून कन्नड घाट चढायचा, तेव्हा कळतं कोणतं घ्यायला हवं होतं. उलट गाडी रोज फक्त घर-दुकान-घर दोन किलोमीटर फिरणार असेल तर डिझेल घेऊ नका, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी गाळणारा फिल्टर, चोंदतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. ऑटोमॅटिक, टर्बो, हायब्रिड हे प्रत्येक व्हेरिएंटमध्ये नसतात, म्हणून आधी इंजिन आणि गिअर ठरवा, मग त्यातली सगळ्यात खालची पायरी कोणती हे विचारा.

बेस घेऊ, बाकी बाहेरून बसवू

हे मी केलं. बेस घेतली, रिव्हर्स कॅमेरा आणि मोठी स्क्रीन बाहेर बसवून घेतली. कारागिराने वायर सोलून टेप गुंडाळली. सहा महिन्यांनी पावसात डॅशबोर्डवर एकदम चार दिवे पेटले. सर्व्हिस सेंटरवाल्याने ती टेप बाहेर ओढून माझ्या पुढ्यात धरली आणि म्हणाला, "काका, ही वॉरंटीत नाही." वायरिंगचा खर्च धरला तर मधलं व्हेरिएंट तेवढ्यातच आलं असतं. मॅट, मोबाईल स्टँड, हवेचा पंप हे बाहेरून खुशाल घ्या. वायर कापावी लागेल असं काहीही नको. कपलरने जोडता येत असेल तरच, तेही लेखी विचारून.

बुकिंग झालंय आणि आता पटत नाही?

बिल आणि चेसिस नंबर तुमच्या नावावर पडेपर्यंत व्हेरिएंट सहसा बदलून मिळतं. फोनवर बोलू नका, जाऊन नव्या व्हेरिएंटचं पूर्ण नाव लिहून पावती घ्या. "ही स्टॉकला आहे, आखाजीला देतो, ती घेतली तर दोन महिने," हे हमखास ऐकाल. कधी खरं असतं, कधी आवारात उभी असलेली गाडी खपवायची असते. मुहूर्तासाठी नको असलेलं व्हेरिएंट घरी आणू नका. पूजा दसऱ्यालाही होते. वर्षाच्या शेवटी मोठी सूट दिसली तर उत्पादनाचा महिना-वर्ष चेसिस नंबरवरून काढून घ्या.

गाडी दारात आली असेल आणि छताची काच तापत असेल, तर त्या मापाचा चंदेरी परावर्तक पडदा मिळतो. तो आतून लावा, गाडी लिंबाखाली उभी करा, निघताना आधी सगळ्या काचा खाली करून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्या आणि मगच एसी लावा.

शालकाने शेवटी टॉपच्या दोन पायऱ्या खालचं डिझेल घेतलं. आखाजीला मिळालं नाही, आषाढात आलं. बुकिंगच्या कागदावर त्याने व्हेरिएंट, रंग, इंजिन, गिअर आणि उत्पादनाचा महिना पाचही गोष्टी पोराकडून लिहून घेतल्या, आणि आप्पांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला.