खाण्यातला रंग मुलाला बाधतो का? घरच्या घरी असं तपासा

"रंगीत गोळ्या बंद केल्या आणि दोन दिवसांत पोरगं शांत झालं," असं कुणी सांगितलं की मी एवढंच विचारते, त्या दोन दिवसांत आणखी काय काय बंद झालं होतं? साखर कमी झालेली असते, टीव्ही लवकर बंद झालेला असतो, घरातले पाहुणे गेलेले असतात. मग गुण नेमका कशाचा आला? हा प्रश्न मी स्वतःला वेळेवर विचारला नाही आणि सात-आठ महिने उगाच सगळ्या घराला वेठीस धरलं. पुढची पद्धत त्या शहाणपणातून आलेली आहे.

आधी एक ताकीद. रंगीत पदार्थ खाल्ल्यावर ज्याच्या अंगावर गांधी उठल्या आहेत, ओठ सुजले आहेत किंवा श्वास लागला आहे, त्याच्यावर हा प्रयोग घरी करायचा नाही. दमा असेल किंवा ॲस्पिरिन सोसत नसेल, तरीही नाही. थेट डॉक्टरांकडे जा. हा लेख चंचलपणा, चिडचिड आणि झोपेच्या तक्रारींपुरता आहे.

पाकिटावरचे आकडे वाचा

पाकिटाची पुढची बाजू जाहिरातीसाठी असते, ती सोडून द्या. "नैसर्गिक स्वाद" हे शब्द फक्त स्वादाबद्दल असतात, रंगाबद्दल काहीच सांगत नाहीत. मागे घटकांच्या यादीत हे सहा आकडे शोधा: १०२ (टारट्राझिन), १०४ (क्विनोलिन यलो), ११० (सनसेट यलो), १२२ (कार्मोइसिन), १२४ (पाँसो ४आर) आणि १२९ (अल्युरा रेड). आकड्याआधी ई असो की आयएनएस, रंग तोच. अमेरिकी पाकिटावर मात्र १०२ ला यलो ५, ११० ला यलो ६ आणि १२९ ला रेड ४० म्हणतात.

हेच सहा का? २००७ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ३ वर्षांच्या आणि ८-९ वर्षांच्या जवळजवळ ३०० मुलांना काही आठवडे रंग घातलेलं पेय आणि दिसायला-चवीला तसंच बिनरंगाचं पेय आलटून पालटून दिलं. कुठल्या आठवड्यात काय मिळतंय हे मुलांनाही ठाऊक नव्हतं आणि पालकांनाही. रंगाच्या आठवड्यांत चंचलपणा सरासरीने थोडा वाढला. थोडाच, आणि सगळ्या मुलांत नाही. शिवाय त्या पेयांत रंगांच्या मिश्रणासोबत सोडियम बेंझोएट हे परिरक्षकही (पदार्थ टिकवणारं रसायन) होतं, त्यामुळे एकट्या कुठल्या रंगावर बोट ठेवता आलं नाही. तरी युरोपीय संघाने जुलै २०१० पासून या सहापैकी एकही रंग असलेल्या पदार्थांवर, मुलांच्या हालचालींवर आणि लक्षावर विपरीत परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापणं सक्तीचं केलं. "सगळे रंग म्हणजे विष" आणि "सगळ्या नुसत्या अफवा" ही दोन्ही वाक्यं यात बसत नाहीत.

सगळे रंग एका मापाने मोजूही नका. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये १०२ साठी रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ७.५ मिलिग्रॅम ठरवली आणि १२४ साठी फक्त ०.७. म्हणजे २० किलोच्या मुलाला एकाचे १५० मिलिग्रॅम चालतात, तर दुसऱ्याचे १४. पाकिटावर मात्र मिलिग्रॅम लिहिलेले नसतात, नुसता आकडा असतो.

आणि नैसर्गिक रंग म्हणजे निर्धोक, हे डोक्यातून काढा. १२० हा लाल रंग किड्यांपासून काढतात आणि काही जणांना त्याची जबरदस्त ॲलर्जी असते.

तीन आठवडे रंग बंद

यात अवघड काही नाही. फक्त खोकल्याचं औषध, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि टूथपेस्ट विसरू नका. माझं पहिलं सगळं गणित एका लालभडक सिरपने बिघडवलं होतं. औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, बिनरंगाचा पर्याय आहे का ते औषधाच्या दुकानात विचारायचं. बाकी काही बदलू नका. साखर तेवढीच, झोपेची वेळ तीच, टीव्हीही तेवढाच. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण शिस्त लावायची असेल तर प्रयोग संपल्यावर लावा.

रंग परत देऊन बघा, पण आंधळेपणाने

लोक इथेच घसरतात. रंग बंद केला, बरं वाटलं, संपलं! मीही तेच केलं होतं. वर दहा जणांना सल्ले देऊन आले. मग मुलगा एका वाढदिवसाला गेला, निळी जेली खाऊन आला आणि रात्री अकरापर्यंत घरभर उड्या मारत होता. मी विजयी मुद्रेने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "अगं, वीस पोरं, केक आणि चार तास दंगा. जेली खाल्ली नसती तर हा झोपला असता का?" राग आला, पण उत्तर सुचलं नाही.

त्याने रंग खाल्लाय हे आपल्याला माहीत असलं की त्याची प्रत्येक उडी आपल्याला रंगाची वाटते. म्हणून मुलाला रंग कधी मिळतोय हे ना त्याला कळायला हवं, ना रोजची नोंद ठेवणाऱ्याला. घरात दोन मोठी माणसं लागतात, एक पेला भरणारं आणि एक नोंद ठेवणारं. दोन्ही कामं एकाच माणसाने करायची असतील तर हा खटाटोप करूच नका.

रंग लपवायला कोकोचं दूध सगळ्यात बरं. पण त्यात पिवळा घाला, लाल नको. पहिल्या दिवशी नवऱ्याने लाल घातला. दूध तपकिरीच दिसत होतं, पण मुलाच्या वरच्या ओठावर गुलाबी मिशी उमटली आणि पेल्याच्या काठावर तांबूस कड राहिली. झालं, गुपित फुटलं! दुसऱ्या दिवसापासून पिवळा, आणि पेला मुलाने खाली ठेवला की लगेच विसळायचा.

रंगाची बाटली घेताना तिचेही घटक वाचा. एकच रंग असलेली घ्या. तिच्यात २११ असेल तर तेच सोडियम बेंझोएट. ती बाटली वापरून फरक दिसला तर दोष रंगाचा की परिरक्षकाचा हे तुम्हाला कधीच कळणार नाही. थेंब मोजून घ्या, रोज तेवढेच, आणि केकला घालता त्याहून जास्त कधीच नाही.

आता चार चिठ्ठ्या करा, दोन "रंग" आणि दोन "कोरा". पेला भरणाऱ्याने त्या एकेक करून उचलायच्या, क्रम कागदावर लिहायचा आणि लिफाफा बंद करून कपाटात टाकायचा. एका चिठ्ठीचे तीन दिवस, असे एकूण बारा दिवस. कोकोचं दूध रोज त्याच वेळी, रंग असो वा नसो.

नोंद ठेवणाऱ्याने रोज रात्री फक्त तीन गोष्टी लिहायच्या: अभ्यासाला सलग किती मिनिटं बसला, अंथरुणावर पडल्यावर किती वेळाने झोपला, भांडणं किती झाली. "आज जरा जास्तच करत होता" अशी वाक्यं वहीत नकोत. माझी पहिली वही असल्याच वाक्यांनी भरली होती आणि तिचा शून्य उपयोग झाला. मध्येच ताप आला किंवा पाहुणे आले तर ते तीन दिवस रद्द धरा आणि पुन्हा घ्या.

लिफाफा उघडा

आधी नोंदींवरून "रंगाचे दिवस हे असणार" असं लिहून सही करा, मगच उघडा. चारही बरोबर आले म्हणून नाचू नका. दोन रंग आणि दोन कोरे यांचे क्रम सहाच होतात, त्यामुळे डोळे मिटून सांगितलं तरी सहातून एकदा सगळं जुळतं. जुळलं तर सगळं पुन्हा एकदा करा. दुसऱ्यांदाही जुळलं तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, ते तुमचं बोलणं गंभीरपणे घेतील. आणि एक रंग बाधला म्हणून सगळे बाधतात असं नाही. दुसऱ्या रंगाचा संशय असेल तर त्याची फेरी वेगळी.

माझ्या बहिणीच्या मुलीचं दोन्ही वेळा जुळलं. तिच्या घरी आता फक्त १०२ टाळतात, बाकी पाकिटं पूर्वीसारखीच येतात. माझ्या मुलाच्या वेळी मी चारपैकी दोनच ओळखले. नवऱ्याने काही न बोलता जेलीचं पाकीट परत फळीवर ठेवलं. मग मी वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. ज्या ज्या दिवशी भांडणं जास्त होती, त्याच्या आदल्या रात्री तो दहानंतर झोपलेला होता.