बोटीवरचं बिऱ्हाड: पहिल्या फ्लोटवर निघालेल्या मराठी मरीनसाठी

गेल्या वर्षभरात तीन मराठी मुलांनी मला एकच प्रश्न विचारला, "काका, बोटीवर राहायचं म्हणजे नेमकं कसं?" तिघंही आईवडिलांबरोबर ग्रीन कार्डावर अमेरिकेत आलेली, मरीन कोअरमध्ये, म्हणजे समुद्रमार्गे जाऊन लढणाऱ्या अमेरिकी सैन्यात, भरती झालेली आणि पहिल्या फ्लोटची, म्हणजे नौदलाच्या बोटीवरच्या लांब मोहिमेची, वाट पाहणारी. बूट कॅम्पमध्ये रायफल शिकवतात, पोहायला शिकवतात. सहा-सात महिने लोखंडाच्या पोटात बिऱ्हाड कसं थाटायचं, हे मात्र ज्याचं त्यालाच शिकावं लागतं. मी एकोणिसाव्या वर्षी साताऱ्याहून इकडे आलो, दोन फ्लोट केले आणि आता नॉर्थ कॅरोलायनात जॅक्सनव्हिलला स्थायिक आहे. मला जे आधी कळायला हवं होतं, ते लिहितोय.

त्या तिघांतल्या एकाला अंतराळयानांच्या गोष्टींचं भारी वेड. तिथले सैनिक राहतात तसंच असतं का, म्हणाला. पुष्कळसं तसंच असतं. बर्थिंगला, म्हणजे आपण झोपतो त्या दालनाला, खिडकी नसते. पांढरा दिवा लागला की दिवस, लाल लागला की रात्र. हवा यंत्रातून येते, पाणी बोट स्वतःच समुद्रातून तयार करते. मरीनना नेणारी वॉस्प वर्गातली बोट ८४४ फूट लांब असते. तिच्यावर हजारभर खलाशी असतात आणि शिवाय सोळाशेच्या आसपास मरीन मावतात. वर विमानांची हालचाल सुरू असली की फ्लाइट डेकवर जाता येत नाही, त्यामुळे दोन-तीन दिवस आकाश दिसत नाही. त्याने मन उदास होतं. तसं झालं तर आपल्यातच काही कमी आहे असं समजू नका, सगळ्यांचं होतं. हँगरची, म्हणजे विमानं ठेवतात त्या दालनाची, दारं उघडी असतील तेव्हा पाच मिनिटं तिथे उभं राहून क्षितिज बघून या.

घरच्यांना कल्पना द्यायची असेल तर 'जलाश्व'चं नाव सांगा. आपल्या नौदलाची ही बोट मूळची अमेरिकेची 'ट्रेंटन', २००७ मध्ये भारताकडे आली. मे २०२० मध्ये टाळेबंदीत मालदीवला अडकलेल्या ६९८ भारतीयांना घेऊन ती कोचीला आली, ते टीव्हीवर बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. तुमची बोट त्याच जातकुळीची. माझ्या आईला हे सांगितल्यावर तिची काळजी बरीच कमी झाली.

पहिले दोन दिवस तुम्ही हरवणार. त्यावर एकच उपाय आहे, भिंतीवरचे नंबर वाचायला शिका. प्रत्येक दालनात पिवळ्या चौकटीत काळ्या अक्षरांनी पत्ता लिहिलेला असतो, त्याला बुल्सआय म्हणतात. समजा लिहिलंय ३-१२०-२-एल. पहिला आकडा मजल्याचा. मेन डेक म्हणजे १, खाली उतरत जाल तसे २, ३, आणि वर चढाल तसे ०१, ०२. दुसरा आकडा फ्रेमचा, म्हणजे बोटीच्या सांगाड्यातल्या बरगडीचा, तो नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, मागे वाढत जातो. म्हणजे आकडा वाढला की तुम्ही बोटीच्या मागच्या बाजूला चाललात. तिसरा आकडा मध्यरेषेपासून कोणीकडे ते सांगतो: समोर तोंड केलं की विषम उजवीकडे, सम डावीकडे, शून्य बरोबर मध्यावर. शेवटचं 'एल' म्हणजे राहण्याची जागा. आपल्या बर्थिंगचा पत्ता घरच्या पत्त्यासारखा पाठ करा. आणि जनरल क्वार्टर्सची, म्हणजे सगळ्यांनी लढाईच्या जागी धावायची, घंटा झाली की वर आणि पुढे जाणाऱ्यांनी उजवी बाजू धरायची, खाली आणि मागे जाणाऱ्यांनी डावी. उलट्या दिशेने घुसलात तर शंभर माणसं अडतील.

आता रॅक, म्हणजे झोपायची जागा. आपल्या स्लीपर डब्यातले तीन बर्थ आठवा आणि ते आणखी जवळजवळ आणा. कुशीवर वळताना खांदा वरच्या रॅकला घासतो. सॅन अँटोनियो वर्गाच्या बोटींवर बसता येईल असे रॅक केलेत. तिथे नेमणूक झाली तर नशीब समजा. खालच्या रॅकवर येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय लागतात, वरच्यावर चढउतार आणि डोक्याशी पाइप. निवड मिळालीच तर मधला घ्या. गादीखालची फळी पेटीच्या झाकणासारखी उचलली जाते, आत वीतभर खोल जागा असते. तिला कॉफिन लॉकर म्हणतात. ती आणि एक उभं कपाट, एवढाच तुमचा संसार. कपडे घडी न घालता गुंडाळून भरा, दुप्पट मावतात.

लोणचं नेऊ नका. मी नेलं होतं. आईने दिलेली कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी, वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर टॉवेल. चौथ्या रात्री समुद्र खवळला आणि झाकण सैल झालं. तेल आधी मोज्यांत उतरलं, मग युनिफॉर्ममध्ये, मग फटीतून थेंबथेंब खालच्या रॅकमधल्या मुलाच्या उशीवर. टेक्सासचा मुलगा होता. त्याच्या उशीखाली त्याच्या बहिणीचं पत्र होतं. पत्रावर तेलाचा पिवळा डाग पसरला आणि शाई फुटली. तो मला एक शब्द बोलला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. पुढे आम्ही जिवाभावाचे मित्र झालो, पण त्या पत्राचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा शेंगदाण्याची चटणी, मेतकूट असं कोरडंच न्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि बर्थिंगमध्ये काय ठेवायला परवानगी आहे ते सार्जंटला आधी विचारा. आलेपाक जरूर न्या, पोट ढवळतं तेव्हा बरा पडतो.

पडद्याबद्दल मनापासून सांगतो. रॅकला निळा पडदा असतो. तो ओढलेला असेल तर आतला माणूस घरात आहे आणि दार बंद आहे असं समजा. रात्रपाळीवाले दिवसा झोपतात, म्हणून दिवसाही आवाज खाली ठेवा. गजर घड्याळाच्या थरथरण्यावर लावा. मुलींचं बर्थिंग वेगळं असतं, पण नियम हेच. कोणाला उठवायचंच असेल तर पडद्याबाहेरून हाक मारा.

आणि बोट खलाशांची आहे. ते आपल्या आधीपासून तिथे राहतात, आपण उतरल्यावरही राहणार. पाहुणे आले की जेवणाच्या रांगा तासभर लांबतात, जिममध्ये जागा मिळत नाही, तेव्हा त्यांची कुरकुर समजून घ्या. मेसमध्ये कामाला लावलं तर तोंड पाडू नका. मी तिथेच स्वयंपाक्यांशी ओळख केली. बीफ खात नाही म्हटल्यावर त्यांतला एक जण माझ्यासाठी भात आणि राजमा बाजूला काढून ठेवायचा. ताजी भाजी दुसऱ्या बोटीकडून माल चढला की काही दिवस मिळते, मग संपते. उशिरा सुटलात तर मध्यरात्रीचं जेवण, मिडरॅट्स, चुकवू नका.

आंघोळ दोन मिनिटांत. अंग ओलं करा, पाणी बंद, साबण, मग पाणी. बादलीने आंघोळ केलेल्यांना हे जमतं. रबरी चपला मात्र हव्यातच.

निघण्यापूर्वी घरी 'रिव्हर सिटी' हा शब्द समजावून सांगा. तो पुकारला की फोन, इंटरनेट सगळं बंद, कधी एक दिवस, कधी बरेच दिवस. का, ते कोणी सांगत नाही. माझ्या पहिल्या फ्लोटवर असं झालं तेव्हा आई नऊ दिवस रोज पहाटे उठून फोन बघत होती, हे मला परतल्यावर बहिणीने सांगितलं. एवढंच बोलून ठेवा: "फोन आला नाही तर सगळ्यांचेच बंद आहेत असं समज."

पहिल्या रात्री झोपण्याआधी एक काम करा. आपत्कालीन श्वसनाचं यंत्र कुठे टांगलंय ते हाताने चाचपून बघा. मग डोळे मिटून रॅकपासून लॅडरपर्यंत, म्हणजे बोटीच्या जिन्यापर्यंत, चालत जा, पावलं मोजा. दिवे गेले आणि धूर भरला तर डोळ्यांचा उपयोग नसतो. रोज एकदा, आठवडाभर करा. माझी अजून पाठ आहेत: उजवीकडे सात, उंबरठा, डावीकडे अकरा, मग हाताला कठडा लागतो.