मासेमारी बोटीचा हार्ड टॉप: वजन आणि बोल्टची भोके

जुन्या मासेमारी बोटीची दुरुस्ती करताना हार्ड टॉप, म्हणजे बोटीवरचे कडक, पक्के छत, नव्याने बांधायचा असेल, तर पहिला विचार वजनाचा करावा, कारण उंचावर वाढलेला प्रत्येक किलो बोटीचा गुरुत्वमध्य वर नेतो आणि तिची स्थिरता कमी करतो. म्हणूनच जाड प्लायवूडपेक्षा फोमच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी फायबरग्लास चढवलेले छत मला अधिक योग्य वाटते. पाणी साचू नये म्हणून त्याला मध्यभागी थोडा फुगवटा ठेवावा.

खरी काळजी बोल्टच्या भोकांची घ्यावी. 8 मिमीचा बोल्ट बसणार असेल, तर वरचा थर आणि गाभा सुमारे 20 मिमी व्यासाने कोरून, खालचा थर शाबूत ठेवून, त्या पोकळीत सिलिकाची पूड मिसळून घट्ट केलेले इपॉक्सी (कडक होणारी राळ) भरावे आणि ते पूर्ण कडक झाल्यावरच त्याच्या मध्यातून बोल्टचे भोक पाडावे. त्यामुळे बोल्ट आवळताना फोम चेपत नाही आणि पुढे कधी बोल्टभोवतीचे सीलंट (पाणी अडवणारा लवचीक लेप) निकामी झाले तरी पाणी गाभ्यात शिरत नाही.

छत पाइपच्या सांगाड्यावर आधी सीलंटशिवाय बसवून पाहावे. भोके जुळत नसतील तर बोल्टच्या जोरावर ओढून जुळवू नयेत, कारण तो ताण वेल्डिंगच्या सांध्यांवर कायमचा राहतो. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले की अ‍ॅल्युमिनियम गंजते, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत. शेवटी आवळताना बोल्टचे डोके स्थिर धरून फक्त नट फिरवावा, म्हणजे डोक्याखालचे सीलंट फाटत नाही.