डायल-अप रडतंय? आधी रिसीव्हर कानाला लावा

हे डायल-अपच्या, म्हणजे साध्या फोन लाइनवरून मॉडेम नावाच्या डब्यातून चालणाऱ्या इंटरनेटच्या, दिवसांत लिहिलंय. आमच्या बिल्डिंगमध्ये ब्रॉडबँड येईल तेव्हा येईल, तोपर्यंत मॉडेमच्या त्या कुईं-खर्रर्र वरच संसार चालू आहे. दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतं की स्पीड वाढवायला कुठलं सॉफ्टवेअर टाकू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. सॉफ्टवेअर टाकू नका. म्हणजे टाका हवं तर, पण सगळ्यात शेवटी. आधी वायर बघा.

त्याच्याही आधी हिशोब. मॉडेमवर लिहिलेलं ५६ के म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट, त्याला ८ ने भागलं की ७ किलोबाइट, आणि तेही कागदावर. घरी सेकंदाला ४४ ते ४८ हजार बिट्सला कनेक्ट होतंय आणि डाउनलोड ५ किलोबाइटच्या आसपास पडतंय तर तुमची लाइन झकास आहे, उगाच हात लावू नका, १ एमबीला साडेतीन मिनिटं लागणारच. पण ३१,२०० किंवा २८,८०० दिसत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय (मुंबईत हे शब्दशः पण खरं असू शकतं). आणि स्क्रीनच्या खाली कोपऱ्यात ११५.२ के दिसतं म्हणून हुरळून जाऊ नका, आमच्या शेजारचा पोरगा महिनाभर त्याच्यावर भाव खात होता, तो आकडा म्हणजे कॉम्प्युटर आणि मॉडेम यांच्यामधल्या पोर्टचा स्पीड आहे, फोन लाइनचा नाही. बऱ्याच मॉडेमात मॉडेमच्या सेटिंगमधल्या इनिशियलायझेशन कमांडच्या जागी एटी डब्ल्यू २ (ATW2) टाकलं की खरा आकडा दिसायला लागतो.

आता मेन गोष्ट. मॉडेमची वायर काढा, साधा फोन लावा, रात्री टीव्ही-पंखा बंद करून रिसीव्हर उचला आणि एकच आकडा दाबा, समजा २. डायल टोन थांबते आणि थोडा वेळ नुसती लाइन ऐकू येते. एकदम शांत पाहिजे. हम्म्म असा एकसुरी आवाज येत असेल तर तुमची फोनची वायर लाइटच्या वायरीला चिकटून, नाहीतर एकाच पट्टीतून गेली असण्याची शक्यता जास्त. खरखर, फटफट येत असेल तर जॉइंट लूज आहे किंवा गंजलाय. माणसाचं बोलणं खरखरीतूनही कळतं म्हणून आपण सोडून देतो, मॉडेमला ते चालत नाही, तो चुकलेला डेटा परत परत मागवतो आणि मग वैतागून स्पीडच खाली आणतो.

आमच्याकडे हेच झालं होतं. लाइन किचनच्या खिडकीतून आत येते, तिथून हॉलमध्ये आईचा कॉलर आयडीवाला फोन, आणि तिथून मी स्वतःच मारलेलं एक्स्टेंशन माळ्यावरून आतल्या खोलीत. फ्रिजच्या मागे दोन वायरी पिळून वर सेलोटेप गुंडाळलेली, काम माझंच, कोणाला बोलणार. टेप सोडली तर आतलं तांबं हिरवंगार. ती सगळी वायर फेकून एकसंध नवीन, आतून पिळलेल्या जोडीची वायर टाकली, लाइटच्या पट्टीपासून वीतभर लांबून नेली आणि २८,८०० वरून थेट ४५ हजारच्या वर गेलो. मॉडेम तोच, विंडोज तेच.

तुम्ही एवढं सोलायच्या आधी एक टेस्ट करा: कॉम्प्युटर उचलून जिथे बाहेरची वायर घरात येते त्या पहिल्या रोझेटपाशी (फोनची वायर जोडायची भिंतीवरची डबी) न्या, घरातले बाकीचे सगळे फोन काढून टाका, आणि मॉडेम डायरेक्ट तिथे लावा. डबा उचलायचा कंटाळा येतो मान्य आहे, पण स्पीड वाढला तर दोष घरातला, नाही वाढला तर बहुतेक बाहेरचा. बाहेरचा असेल तर १९८ ला (तेव्हाचा फोन बिघाडाचा तक्रार नंबर) कंप्लेंट, आणि तिथे "इंटरनेट स्लो आहे" असं बोलू नका, "बोलताना खरखर येते" असं सांगा, कारण लाइनमन टेस्ट करतो ती बोलण्याचीच.

अजून एक, सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या ईपीएबीएक्स (मोजक्या लाइनींवर अनेक एक्स्टेंशन चालवणारा छोटा एक्स्चेंज) मधून डायल करत असाल तर डोकं फोडून घेऊ नका. ५६ के चालतं (१९९८ चं व्ही.९० स्टँडर्ड) ते एक्स्चेंजपासून पुढे सगळं डिजिटल असतं म्हणून, मध्ये अ‍ॅनालॉगचं डिजिटल आणि परत अ‍ॅनालॉग करणारा अजून एक डबा आला की ३३,६०० च्या वर जाताच येत नाही. डायरेक्ट लाइन घ्या. कॉल वेटिंग पण बंद करून घ्या, तो बीप वाजला की कनेक्शन गेलंच समजा.

मॉडेम बदलायचाच असेल तर आतलं स्वस्तातलं कार्ड नको, त्यातले बरेचसे आपलं काम प्रोसेसरवर ढकलतात आणि जुना पीसी असेल तर दोघेही धापा टाकतात. लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन सीरियल पोर्टवाला, बाहेरून लावायचा एक्स्टर्नल मॉडेम बघा, सेकंडहँड पण चालेल.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. ब्राउझरमध्ये चित्रं बंद, विंडोज आणि अँटीव्हायरसचे अपडेट आपोआप होणं बंद, मेल ऑफलाइन लिहून एकदम पाठवायची, मोठी फाइल असेल तर अर्ध्यावरून पुढे चालू होणारा डाउनलोड मॅनेजर. ते अ‍ॅक्सलरेटर म्हणून विकतात ते काय करतात तर त्यांच्या सर्व्हरवर फोटो दाबून बारीक करतात, पान लवकर येतं पण माणसांचे चेहरे उपम्यासारखे दिसतात, आणि झिप किंवा एमपी३ ला काडीचा फरक नाही, कारण ती आधीच दाबलेली असते.

आणि रोजचा कनेक्ट स्पीड कॅलेंडरवर लिहून ठेवा. पावसाच्या दिवशीच पडतोय का ते लगेच कळतं, कंप्लेंट करताना तारखा पण तोंडावर असतात. आमच्याकडे जुलैच्या पानावर दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी ३१,२०० असं चार वेळा लिहिलंय, आई विचारते हे कुणाचं एवढं द्यायचं राहिलंय.