वास्तुविशारदांच्या आरामखुर्च्या पारखताना

एखाद्या नामवंत वास्तुविशारदाने रचलेली आधुनिक आरामखुर्ची संग्रहासाठी घ्यायची असेल, तर तिच्यात बसण्याआधी ती उलटी करून पाहावी. समोरून दिसणारा आकार नक्कल करणाऱ्यालाही साधतो; सांधे, लाकडाचे थर आणि गाद्यांची शिवण यांत केलेली काटकसर मात्र खालून आणि मागून लपत नाही.

सर्वाधिक नकला बहुधा चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५६ साली हर्मन मिलर कंपनीसाठी केलेल्या खुर्चीच्या आढळतात, म्हणून तिच्याकडे थोडे सविस्तर पाहू. मूळ खुर्चीच्या बैठकीखाली पाच फाट्यांचा पाया असतो आणि सोबतच्या पाय ठेवायच्या स्टुलाला चार फाट्यांचा. खुर्ची गोल फिरते, पण पाठीचा कोन कायम राहतो. पाठ मागे झुकवण्याची कळ दिसली, तर ती नक्कल समजावी. त्यानंतर प्लायवूडच्या कडेवरचे थर मोजावेत. सुरुवातीच्या खुर्च्यांत ते पाच असत, आता सात असतात. त्यामुळे सात थरांची खुर्ची कोणी पन्नाशीच्या दशकातली म्हणून दाखवली, तर तो दावा टिकत नाही. जुन्या खुर्च्यांवर ब्राझीलच्या रोझवुडचा पातळ थर असे आणि या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंधने आहेत, म्हणून अशी खुर्ची देशाबाहेरून आणायची असल्यास परवान्याची चौकशी आधीच करावी. लेबल सर्वांत शेवटी पाहावे, कारण ते दुसऱ्या खुर्चीवरून काढून चिकटवता येते.

या खुर्चीचा खरा नाजूक भाग म्हणजे लाकडी कवचांना आतून चिकटवलेले रबरी जोड. वर्षे लोटली की रबर कडक होते, चिकटवण सुटते आणि बसणाऱ्याच्या भाराने पाठीचे कवच तुटू शकते. असे तुटलेले कवच पूर्ववत करणे फार अवघड असते, म्हणून जोड तपासून घेईपर्यंत पाठीवर रेलू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

लुडविग मीस व्हान डर रोह आणि लिली राइश यांची १९२९ ची बार्सिलोना खुर्ची वेगळ्या रीतीने पारखावी लागते. आरंभीचा सांगाडा क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असून त्याचे भाग बोल्टने जोडलेले होते. १९५० मध्ये तो स्टेनलेस स्टीलमध्ये, सांधा न दिसेल असा नव्याने रचला गेला. त्यामुळे अखंड चकचकीत सांगाडा युद्धपूर्व म्हणून विकला जात असेल, तर तिथेच थांबावे. ही खुर्ची बनवणाऱ्या नॉल कंपनीच्या गाद्यांसाठी चामड्याचे चाळीस चौकोन वेगवेगळे कापून जोडलेले असतात, तर स्वस्त नकलेत एकाच तुकड्यावर नुसत्या शिवणीच्या रेषा ओढलेल्या दिसतात. अल्व्हार आल्टो यांच्या पैमिओ खुर्चीत बर्च लाकडाच्या वाकवलेल्या थरांमध्ये फट पडली आहे का, एवढे नीट पाहावे.

पियेर जानरे यांनी चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी केलेल्या खुर्च्यांवर, खुर्ची कोणत्या कार्यालयाची ते सांगणारी रंगवलेली अक्षरे असतात. तीही नव्याने रंगवता येतात, म्हणून सागाची झीज हात टेकण्याच्या जागी आणि पायांच्या टोकांशी नैसर्गिक आहे का, हे अक्षरांच्या आधी पाहावे.

खरेदीनंतर लाकूड घासून नवे पॉलिश चढवण्याची घाई करू नये. गादी बदलणे भागच पडले, तर जुने चामडे, बटणे आणि स्क्रू पिशवीत घालून, तारीख लिहून, खुर्चीबरोबरच जपून ठेवावेत.